ठेवलेला हात

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सजवून सांगता येत नाही, घडलं तसं सांगतो.

राहनाळला एका गोदामाच्या गाळ्यात आमची प्रार्थना भरते. खुर्च्या मांडायच्या, झाडू मारायचा, हे माझं काम. पास्टर भूपेश. दर रविवारी माइक तोंडात घालून सांगायचा, देवानं मला पाचारण केलंय, मी कळपाचा मेंढपाळ. मेंढपाळ म्हणे. बुटाला शेण लागलं तर तासभर पुसत बसणारा.

खारबावची राहीबाई चार महिने अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊन सडल्या होत्या. बरं व्हायची आशा तिनं सोडलेली. मरायच्या आधी पास्टरनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, एवढंच मागणं. भूपेश एकदा गेला. उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि बाहेर येऊन कुंपणाशी ओकला. परत गेला नाही. तिची सून उन्नती तीनदा बोलवायला आली, तीनदा त्याला काहीतरी काम निघालं.

मग एका गुरुवारी दुपारी त्यानं मोबाइलमध्ये दोन मिनिटांची प्रार्थना बोलून ठेवली, माझ्या फोनवर पाठवली आणि म्हणाला, जाऊन ऐकवा. मी म्हटलं, तिला आवाज न्हाय पाहिजे, हात पाहिजे. तर म्हणतो, देवाला अंतर नसतं, काका. मला थुंकावंसं वाटलं. तरी गेलो.

खारबावला लाइट गेली होती. पंखा बंद, खिडकीला गोणपाट, भर दुपारी खोलीत अंधार. वास असा, की दातांवर बसला. उन्नती तोंड वाकडं न करता जखमेतला कापूस बदलत होती. मी फोन उशीजवळ ठेवून प्रार्थना लावली. भूपेशचा गुळगुळीत आवाज सुरू झाला. राहीबाईनं डोळे उघडले.

"आलात का... हात ठेवा ना."

फोनमधली प्रार्थना थांबली.

मी वाकून बघितलं. फोनवरचे मिनिट-सेकंदांचे आकडे पुढं सरकत होते. आतून नुसता श्वास ऐकू येत होता, ओकारी दाबून धरलेल्या माणसाचा. मग हळूच आवाज आला.

"ठेवला, आई."

तिचं डोकं उशीत खाली दबलं. कोणी तळवा टेकवल्यावर दबतं, तसं. उन्नतीनंही बघितलं. तिच्या हातातला कापूस खाली पडला.

"काढू नका हां..." राहीबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं गेली.

मी तीच प्रार्थना पुन्हा लावली. दोन मिनिटं, शेवटी आमेन. दुसरं काही नाही.

संध्याकाळी राहनाळला आलो, तर भूपेश गाळ्यात एकटाच बसलेला. उजवा हात गुडघ्यावर पालथा. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "गार पडलं ना डोकं?"

तुला कोणी सांगितलं म्हटलं, तर त्यानं तो हात उचलून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मातीला आला. बायबल डाव्या हातात, उजवा हात खिशात. प्रार्थना उरकून लांब गाडीपाशी जाऊन उभा राहिला. आम्ही माती लोटत होतो आणि खड्डा भरत आला तसतसा तो उजवीकडं झुकत चालला होता, हातातली बादली जड झालेल्या माणसासारखा.

याला तीन आठवडे झाले. प्रभुभोजनाची भाकर आता तो डाव्या हातानं मोडतो. लोकांना वाटतं, हात लुळा पडला. मी ती भाकर घेत नाही.

परवा त्यानं मला बोलावलं. नखं कापून द्या म्हणाला, डाव्या हातानं जमत नाही. खिशातून हात काढला आणि मी मागं सरकलो. खारबावच्या खोलीतलाच वास. नखांत काळी ओली माती. मे महिन्यात, ओली. तरी कापायला बसलो. कोणीतरी करायलाच पाहिजे होतं.

मधल्या बोटाच्या नखाखाली एक पांढरा केस अडकला होता. मी चिमटीत धरून ओढला. वीतभर आला, हातभर आला, संपेना. मी जोर लावला.

भूपेशनं माझं मनगट धरलं. त्याचे डोळे भरले होते.

"हळू, काका... तिला दुखतंय."