इभ्राम जर्राहाची जबानी

निवळगडावर त्या दिवशी उजाडले ते धुक्यातूनच. बोर नदीच्या खोऱ्यातून वर चढत आलेले धुके तटाला, बुरुजांना आणि सदरेच्या कौलांना वेढून बसले होते; नगारखान्यावर चौघडा वाजला नव्हता, आणि एरवी त्या आवाजावर दुकाने उघडणारी पायथ्याच्या पेठेतली माणसे ओट्यांवर गप्प बसून वर पाहत होती. गडाचे धनी रायाजीराव तीन दिवसांपूर्वी निवर्तले होते. ते कशाने गेले, हे आज भरसदरेत एक म्हातारा माणूस सांगणार होता.

तो म्हातारा म्हणजे शेख इभ्राम जर्राह, जखमा शिवणारा आणि हाडे बसवणारा वैद्य. बावीस वर्षांपूर्वी, ज्या सरदाराच्या पदरी तो होता त्याची फौज मोडल्यावर, बायको आणि हत्यारांची पिशवी एवढे घेऊन तो गडाखालच्या निवळीच्या पेठेत उतरला. परक्याच्या हाती आपले अंग द्यायला कोणी तयार नव्हते, आणि गडावरच्या राजवैद्यांनी त्याला दारातही उभे केले नाही. तेव्हा बाजाराच्या दिवशी तो वेशीजवळ घोंगडी पसरून बसू लागला. हमालांचे, बैलवाल्यांचे भेगाळलेले पाय कढत पाण्याने धुऊन मलम लावून देई आणि त्याबद्दल काही घेत नसे. लोकांना आपली ओळख व्हावी, एवढाच त्यात हेतू होता. बायकोजवळ तो तसे कबूलही करी. पुढे पेठेला आग लागली, तेव्हा अठरा दिवस तो भाजलेल्या माणसांतून उठला नाही, आणि त्यानंतर आपला मूळ हेतू काय होता हे त्याचे त्यालाच आठवेनासे झाले. आता गडावर आणि पेठेत मिळून ज्या घरातल्या एकाच्याही अंगावर इभ्रामचा टाका नाही, असे घर सापडणे कठीण होते. त्याचे गुडघे मात्र गेले होते, नजर उतरली होती, आणि कितीही विसावा घेतला तरी शीण जात नसे.

घडले होते ते असे. एका चकमकीत रायाजीरावांच्या मांडीत भाला शिरला; जखम इभ्रामने शिवली. नवव्या दिवशी सकाळी टाके काढायला तो गड चढून गेला, तो सरकार बिछान्यावर थंड पडलेले. जखम स्वच्छ होती. गळ्यावरचा शेला सरकवून पाहिला, तर खाली दोरीचा निळा वळ. इभ्राम वळला, तेव्हा दारात कारभारी विसाजीपंत उभे होते. तासाभरात पंतांनी दहन उरकले.

रायाजीराव आपल्याला कारभारातून दूर करणार, ही कुणकुण पंतांना लागली होती. मागे उरले होते ते चार वर्षांचे बाळराजे आणि त्यांच्या मातुःश्री लाडूबाईसाहेब. त्यांच्या नावाने गड आपल्या मुठीत ठेवणे पंतांना जड नव्हते. पण शिलेदारांत कुजबुज सुरू झाली, आणि सरकार कशाने गेले ते कळल्याशिवाय नव्या गादीला मुजरा करणार नाही, असे त्यांनी साफ कळवले. म्हणून पंतांनी इभ्रामला बोलावून घेतले आणि कधी नव्हे ते आपल्या बैठकीवर शेजारी बसवले.

"शेखजी, शिलेदार आमच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीत, शिक्क्यावरही ठेवीत नाहीत. तुमच्यावर ठेवतील. जखम चिघळली आणि सरकार गेले, एवढेच सदरेत सांगा."

"मग सरकार माझ्या हातून गेले असे होईल, पंत."

"होऊ द्या. तुमच्या हातून एक माणूस गेला, तर हे लोक तुम्हाला क्षमा करतील. बावीस वर्षांत तुम्ही मिळवलेत ते हेच. ते आज दौलतीच्या कामी येऊ द्या."

मग पंतांनी मानाची वस्त्रे आणि इनाम गाव देऊ केला. नकार दिल्यास काय होईल, ते त्यांनी सांगितले नाही. निघताना फक्त एवढे म्हणाले की, तुम्ही दुसरे काही बोललात तर गडावर तलवार चालेल आणि पडतील ती माणसे तुम्हीच शिवलेली असतील. हे मात्र खरे होते, आणि पायऱ्या उतरताना इभ्रामला तेच जाचत राहिले.

घरी त्याने सारे अमीनाबीला सांगितले. ती डाळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"बोललात तर मारले जाल. नाही बोललात तर तुम्हाला घास गिळणार नाही. मी दोन्हीला थकले आहे. तुम्हाला निभेल ते करा."

सदर भरली, तेव्हा धुके विरले होते. एका बाजूस शिलेदार, दुसऱ्या बाजूस पेठेचे महाजन, मध्ये पंतांचे हशम, आणि चिकाच्या पडद्याआड लाडूबाईसाहेब. पंत विचारणार, तोच पडद्याआडून शब्द आले.

"शेखजी, आमच्या धन्यांना काय झाले?"

इभ्रामने खांबाचा आधार घेतला. "बाईसाहेब, जखम भरत आली होती. सरकार जखमेने गेले नाहीत. त्यांच्या गळ्यावर दोरीचा वळ होता. तो मी पाहिला, आणि मी पाहिला हे पंतांनी पाहिले. तीन दिवस मी गप्प राहिलो, त्याचा गुन्हेगार आहे."

म्हाताऱ्याची बुद्धी चळली आहे, याला धरा, असे पंतांनी शांतपणे फर्मावले. पुढे आला तो हशम यमाजी होता. लहानपणी झाडावरून पडून मोडलेला त्याचा हात इभ्रामने बसवला होता. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले, भाला खाली टेकवला, आणि मागून पंतांच्याच दुसऱ्या माणसाने त्याला तोडले. मग शिलेदारांच्या तलवारी बाहेर आल्या.

पंत चोरदिंडीशी सापडले आणि बेडीत पडले. तोवर सदरेत नऊ माणसे मेली होती. इभ्राम दिवस मावळेपर्यंत तिथेच बसून उरलेल्यांना शिवत होता. समोरचा कोणाकडून लढला, हे त्याने विचारले नाही. विचारण्याचे त्राणही नव्हते.

लाडूबाईसाहेबांनी मानाची वस्त्रे पाठवली, ती त्याने डोक्याला लावून परत केली आणि निरोप दिला की, आता गड चढवत नाही, ज्याला गरज असेल त्याला खाली पाठवावे. शिलेदार त्याचे नाव आदराने घेत. पण मेलेल्यांच्या घरांतले कोणी त्याच्याकडे येईना. यमाजीची आई गोदाक्का तर वेशीत उभी राहून म्हणाली होती की, या माणसाने एक शब्द खोटा बोलला असता तर नऊ घरे उभी राहिली असती. इभ्रामने ते ऐकले. तिचे चुकते आहे असे त्याला वाटले नाही, आणि आपले चुकले असेही म्हणवेना.

दोन महिन्यांनी, ऐन दुपारी, गोदाक्का त्याच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. उजवा तळवा फडक्यात गुंडाळलेला होता, आणि सूज मनगटापर्यंत चढली होती.

"बोलायला आले नाही," ती म्हणाली. "हात ठणकतो आहे."

"बसा, अक्का."

बाभळीचा काटा आत मोडून राहिला होता. इभ्रामला नीट दिसत नव्हते, म्हणून वेळ लागला. ती हलली नाही, एकदाही कण्हली नाही. काटा निघाला, घाण वाहून गेली, पट्टी बांधून झाली. ती उठली, ओटा उतरली आणि त्याच्याकडे न पाहता तिने विचारले, "परत कधी येऊ?"

"परवा या," इभ्राम म्हणाला.