शेंदराखालचा हात

टाऊन हॉलमध्ये गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि निवृत्त मास्तर म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. परतवाड्याच्या रस्त्यावरचं आमचं लहानसं गाव. इथे इतिहास म्हणजे आमची सतीमाय. आमच्याच घराण्यातली सून, नवऱ्याच्या चितेवर हसत चढली, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तिला पहिला शेंदूर लावायचा मान आजही आमचाच. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

तिचा दगड वेशीवरून हॉलमध्ये आणला, तेव्हा शेंदराच्या थरांनी त्याचा नुसता गोळा झाला होता. आत कोरीव काम असणार, लोकांना दिसू दे, म्हणून मी भर दुपारी दार लोटून तो खरवडायला बसलो. बाहेर वैशाखाचं ऊन, आत कूलरची घरघर. जुन्या तेलाचा खवट वास सुटला. पापुद्रे पडत गेले आणि कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात वर आला. सतीच्या दगडावर तो असतोच. पण या हाताच्या मनगटाला दोर होता. पीळ न् पीळ कोरलेला. ज्या पाथरवटाने तो घडवला, त्याच्याने खोटं कोरवलं नसावं.

तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला, आणि त्या शांततेत बांगड्या किणकिणल्या... अगदी जवळ. कोणी हात सोडवून घ्यायची धडपड करावी, तशा. हॉलमध्ये मी एकटाच होतो.

थोड्या वेळाने माझे थोरले भाऊ खुशालराव आले. त्यांनी दगडाकडे पाहिलं आणि मागे वळून दाराला कडी घातली.

"कोनं कोनं पाह्यलं?"

"मीच."

"मंग लाव शेंदूर परत."

"भाऊ, तिले बांधलं होतं..."

"मले काय सांगतं? बाबानं मरताना सांगतलं होतं मले." त्यांचा आवाज खाली गेला. "म्हनूनच तं दरसाल पयला शेंदूर आपुन लावतो."

मी तेलात शेंदूर कालवला. बाकी सगळीकडे तो बसला, मनगटावर बसेना. लावला की ओघळे. शेवटी अंगठ्याने दाबून दाबून भरला. दगड गरम होता, आणि अंगठ्याखाली नाडीसारखं काहीतरी... उडत होतं. मग मी पाटी लिहिली, 'स्वखुशीने सती गेली.' जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं त्याच हाताने. लाज वाटली, तरी लिहिली.

उद्घाटनाला बायकांची ही रांग लागली. ओटी भरून, दगडाला हात लावून एकेक जण पुढे सरके आणि दाराशी पोचेपर्यंत मनगट चोळू लागे. मी खुर्चीवरून पाहत राहिलो. उठून ती पाटी काढायची होती, तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

घरी परतताना ऑटोत माझी बायको शकुन शेजारी बसली होती, उजवा हात पदराखाली झाकून.

"काहून, दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

ती बाहेर पाहत होती. माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाली, "सोडा ना आता... एवढं आवळून काहून धरलं?"

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.