खाले कोन शे?

जाड फांदी तोडायची तर पहिला घाव खालून घालायचा. वरून घातला, की अर्धी तुटलेली फांदी आपल्याच वजनाने लोंबते आणि खोडाची साल सोलत खाली नेते. ती जखम भरत नाही. पावसाळ्यात पाणी मुरतं, वाळवी लागते आणि धडधाकट झाड आतून पोकळ होतं. म्हणून आधी खालून खाच, मग जरा पुढे सरकून वरून घाव. शेवटी उरलेला खुंट खोडाशी बेताने तासायचा आणि त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा.

म्हसावदचा गिरधर असं काम करायचा. झाडं पाडणारे शहाद्याकडे पुष्कळ होते. झाड राखून फांदी काढणारा तो एकच, म्हणून घरावर आलेला लिंब किंवा विहिरीवर झुकलेली चिंच असली की लोक त्यालाच बोलावत.

त्याच्या जोडीला बाज्या असे. धडगावकडचा पावरा आदिवासी, डावखुरा, तोंडात कायम टेंभुर्णीच्या पानाची विडी. गिरधर वर, बाज्या खाली. फांदीचा दोर बाज्याच्या हातात, आणि कामाचा एक नियमही त्याचाच, डोंगरातून आणलेला. शेवटचा घाव घालण्याआधी वरच्याने कुऱ्हाडीच्या पाठीने फांदीवर ठोकायचं आणि हाक द्यायची, "खाले कोन शे?" खाली माणूस असो, शेळी असो, ढोलीत खारीची पिलं असोत, खालच्याने म्हणायचं, "थांब." उत्तर आलं नाही तर झाडाने मोकळं केलं असं समजायचं. गप्प राहणं म्हणजे परवानगी.

माघात शहाद्याच्या एका कापसाच्या जिनाच्या आवारात चिंच छाटायची होती. बाज्याने सकाळपासून खारीसाठी थांबवलं, सरड्यासाठी थांबवलं. ओसरीवर कापसाच्या गाठींना टेकून बसलेला जिनवाला शेठ हसून ओरडला, "गिरधर, आते मुंगीसनी बी परवानगी काढशी का?" गडी हसले. गिरधरचे कान तापले. फांदी निम्मी तुटून करकरत होती. त्याने ठोकलं, हाक दिली.

"थांब," खालून बाज्या म्हणाला. स्पष्ट म्हणाला, पण गड्यांच्या हसण्यात ते फक्त गिरधरलाच ऐकू आलं.

पुन्हा खार, असं गिरधरच्या मनात आलं आणि त्याने घाव घातला.

बाज्याच्या पायाला दोराचा पीळ बसला होता. तो वाकून सोडवत होता.

लोक धावून आले तेव्हा गिरधर म्हणाला, "मी हाक मारी व्हती. उत्तर उनं नही." सगळ्यांनी माना हलवल्या. नियम सगळ्यांना ठाऊक होता.

बाज्या गेल्यानंतरचं पहिलं काम लोणखेड्याला, एका आंब्याचं. गिरधरने खालची जागा स्वतः फिरून पाहिली, माणसं लांब केली, वर चढला आणि हाक दिली.

"थांब."

त्याने खाली पाहिलं. वाळलेली पानं, त्यांच्यावर ऊन. लांब उभ्या मालकाला त्याने विचारलं, "काही बोलनात का?" मालक म्हणाला, "मी? नही भो." गिरधरने पुन्हा हाक दिली. पुन्हा तेच उत्तर, तितक्याच शांतपणे, अगदी बुंध्याशी. तो उतरला आणि झाड आजारी आहे, एवढ्यात हात लावू नका, असं सांगून घरी आला.

प्रकाशा गावातही तसंच झालं. तिथे विडीचा वासही आला.

मग त्याने हाक देणं सोडलं. आवाज बंद झाला. कामं पुन्हा होऊ लागली. फक्त एक गोष्ट राहिली. संध्याकाळी तो खाली उतरे तेव्हा जमिनीवर टाकलेला दोर गुंडाळून ठेवलेला असे. वेटोळी नीट, एकावर एक, आणि उलट्या बाजूने घातलेली. डावखुरा माणूस घालतो तशी.

चैत्रात वादळ झालं आणि म्हसावदच्या बाजारातल्या वडाची मोठी फांदी खोडापासून काही हात पुढे तडकली. तिच्याखाली बाजार भरायचा. भाजीवाल्या, बांगड्यांवाले, डोंगरातून डिंक-चारोळी घेऊन येणारी माणसं, सगळी त्याच सावलीत बसत. बाजार दुसऱ्या दिवशी होता. समोरचा कापडवाला प्रेमचंद दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, "गिरधरभाऊ, आज निघाली नाही तर उद्या कोणाच्या तरी डोक्यात बसेल."

दोर धरायला माणूस मिळेना. बाज्याचं झाल्यापासून गिरधरच्या झाडाखाली कोणी उभं राहत नव्हतं. दुपारी एक बाई आली, कमरेला पदर खोचलेली. बाज्याची बायको, रूपलीबाई. घरात ती पावरी बोले, बाजारात सगळ्यांसारखी अहिराणी.

"दोर मी धरसू," ती म्हणाली.

"बाई, हाई बाईमानूसनं काम नही."

"घरवाला मरना तवयपासून मन्हाकडे बाईमानूसनं काम कोनतं उरनं, ते सांग."

गिरधरने आपल्या कमरेला दोर बांधला. तो वरच्या फांदीवरून घेऊन तिने वडाच्या पारंबीला वेढा दिला. वेढा बरोबर होता. बाज्यानेच शिकवला असणार.

"एक विचारू का, गिरधरभाऊ?"

"विचार."

"तू हाक मारी व्हती ना?"

"मारी व्हती."

"आनि तो काहीच बोलना नही?"

"नही."

ती दोराकडे बघत राहिली. "झोपमा हाक मारी तरी व्हय म्हने तो," ती म्हणाली. "तुन्हीच हाक कशी काय ऐकू उनी नही त्याले!"

गिरधर चढला. फांदीवर खोडाकडच्या बाजूला पाठ करून बसला आणि तडकलेल्या भागाला खालून खाच घेतली. चीक गळू लागला. पुढे सरकून त्याने वरून घाव घातले. माणसं चौकाच्या कडेला सरकली होती. खाली जागा मोकळी होती. पलीकडे पारंबीशी दोर धरून एकटी रूपलीबाई उभी होती.

"हाक मार," ती म्हणाली.

"खाले कोनी नही. दखाई ऱ्हायनं."

"तरी मार. त्याना नियम शे."

माणसं बघत होती. त्याने कुऱ्हाडीच्या पाठीने फांदीवर ठोकलं.

"खाले कोन शे?"

काहीच नाही. वडाची पानं हलली, लांब एक गाडी करकरत गेली. उत्तर आलं नाही. माघापासून पहिल्यांदा उत्तर आलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने कुऱ्हाड उचलली.

फांदीच्या बरोबर खालून ठोकल्याचा आवाज आला.

"वर कोन शे?"

आवाज शांत होता. विडीचा वास आला.

नियम त्याला ठाऊक होता. उत्तर द्यायचं होतं. पण कोणाला दिलं, असं रूपलीबाई विचारणार. मग माघातलं सगळं बाहेर येणार, या माणसांसमोर, तिच्यासमोर.

तो गप्प बसला.

पाठीमागे पहिला घाव बसला. खालून.

त्याची कुऱ्हाड त्याच्या हातात होती.

दुसरा घाव वरून बसला. लाकडाचा ओला ढलपा त्याच्या मानेवर पडला.

"थांब!" तो ओरडला. "थांब, मी शे! थांब!"

चौकाच्या कडेला कोणालाच काही ऐकू गेलं नाही. फांदी गेली.

कमरेच्या दोराने त्याला हवेत झेललं. रूपलीबाईने पाय रोवून दोर धरला होता. तिने त्याला हळूहळू, एकही हिसका न देता जमिनीवर उतरवलं. तिच्या तळहातांची कातडी सोलली होती.

प्रेमचंदने खोडाकडे पाहिलं. फांदी गिरधरच्या घावापाशी तुटली नव्हती. त्याच्या मागे, खोडालगत तुटली होती. साल कुठेही फाटली नव्हती. आधी खालून खाच, मग वरून घाव. आणि घावाचा तिरपा कल डावखुऱ्या हाताचा.

"अरे, बसला होतास त्याच्याच मागे घाव घातलास?" प्रेमचंद म्हणाला. मग तो रूपलीबाईकडे वळला. "आणि तू खाली उभी होतीस ना? एक आवाज तरी द्यायचास त्याला!"

रूपलीबाई दोर गुंडाळत होती. उलट्या बाजूने.

"मी हाक मारी व्हती," ती म्हणाली. "उत्तर उनं नही."

सगळ्यांनी माना हलवल्या.

गिरधरने तोंड उघडलं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.