आईने शिवलेलं कव्हर

जिना उतरणाऱ्या माणसाच्या बॅगेतून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता. तेवढ्या ओळखीवर तिने त्याला अडवलं.

"तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता?"

"वरच्या काकूंचा प्रिंटर बरा करूनच येतोय. म्हणजे... प्लग लावला."

एरवी ती हसली असती. आज तिने नुसतं दार उघडलं.

स्क्रीनवर हिरवी पट्टी जागच्या जागी रेंगाळत होती. खाली आकडा – उरलेला वेळ : ५३ तास. डॉक्टरांनी सकाळी बाबांसाठी अठ्ठेचाळीस सांगितले होते, तेही 'फार तर' जोडून. पाच तास कमी पडत होते.

"बाबांना आईचा आवाज ऐकायचाय," ती म्हणाली. "जुन्या कॅमेऱ्यातल्या फायली आहेत. इथे अडखळतात, मोबाइलवर उघडतच नाहीत. दुसऱ्या प्रकारात बदलायला घातल्या, तर..." पुढचं तिने पट्टीकडे बोट दाखवून सांगितलं.

तो टेबलाखाली वाकला. कॉम्प्युटरच्या डब्यावर निळ्या फुलांचं कापडी कव्हर, मागे नाडीने घट्ट आवळलेलं. त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हे घालूनच चालवता?"

"धुळीसाठी आईने शिवलंय. ती गेल्यापासून बाबा कुणाला काढू देत नाहीत. सहा वर्षं झाली."

"अहो, पंखा घुसमटलाय त्याचा! जळू नये म्हणून बिचारा आपणच हळू चालतोय."

गाठ आईच्या हातची होती. घाई एवढी, तरी त्याने कात्री मागितली नाही, नखांनी सोडवली. ते तिने पाहिलं. प्रेमात पडायची ही वेळ नव्हे, हे खरं. पण वेळ पाहून पडतात ती माणसं लग्न ठरवत असतात.

पंखा साफ झाला. त्रेपन्नाचे एकोणीस झाले.

"अकराच्या अकरा फायली लागतील?" त्याने विचारलं. "काकांना नेमकं काय ऐकायचंय?"

"आई... त्यांना रागावते, ते."

"मग तेवढी एकच घालू."

फाइल सगळ्यांत छोटी निघाली; बारा मिनिटं लागली. कव्हर धुवून आणतो म्हणून तो घेऊन गेला.

हॉस्पिटलात तिने मोबाइल बाबांच्या कानाशी धरला. "अहो, ठेवा तो कॅमेरा! माझं तोंड काय आज नवीन बघताय?"

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले – "ठेवतो, ठेवतो."

अठ्ठेचाळीसमधले बाबांनी नऊच तास वापरले.

तीन आठवड्यांनी तो दारात आला. कव्हर धुतलेलं, घडी घातलेलं. मागच्या बाजूला चौकोन कापून जाळी लावली होती.

"शिवण माझी आहे. जरा वाकडी..."

"जरा?" ती म्हणाली. "आईने उसवायला लावली असती."

"मग उसवा. मी पुन्हा शिवायला येईन."

ती जाळीवरून बोट फिरवत राहिली.

"बाकीच्या दहा फायली झाल्या?" त्याने हळूच विचारलं.

"लावल्याच नाहीत. एकटीने... नाही बघवायच्या."

त्याने डब्याला कव्हर चढवलं, नाडीला या वेळी सहज सुटेल अशी सुरगाठ मारली आणि दहाही फायली बदलायला लावल्या. पट्टी जेमतेम हलली. उरलेला वेळ : १७ तास.

"अजूनही हळूच आहे," तो म्हणाला. "बघू का, आणखी काही करता येतं का?"

"नको," ती म्हणाली आणि दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. "असू दे हळू."