मजकूर मोठ्यानं वाचा

“पट्टी दीड इंचाची, आणि लोकांना त्यावर अख्खं रामायण हवं असतं...” कोरीवकामवाला डोळ्याला भिंग लावून पुटपुटला.

“मला दोनच ओळी हव्यात,” काउंटरपलीकडून ती म्हणाली.

तो दचकला. भिंगाआडचा डोळा बशीएवढा झाला. तिला हसूच फुटलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “मनगटात औषधाचं नाव कोरलेली पट्टी हवीच. कुठे बेशुद्ध पडलात तर तुमचं औषध समोरच्याला कळायला नको?” आईनं चिठ्ठी लिहून दिली होती— ‘औषधाची ॲलर्जी’. धडधडीत खोटं! पण सहा वर्षांत घरात कुणी आजाराचं खरं नाव उच्चारलं नव्हतं. ‘तिची ती गोळी’ म्हटलं की भागायचं.

“मोठ्यानं वाचा,” तो म्हणाला. “आमची रीत आहे. स्टीलवर खोडरबर चालत नाही, बाई.”

तिनं चिठ्ठीची घडी घातली. “उद्या येते.”

उद्या आली, परवाही आली. दर वेळी नवी चिठ्ठी, दर वेळी ती न वाचताच पर्समध्ये परत. चहा मात्र होई. त्याच्या बोटांवरची चकचकती पूड ती चोरून बघे, आणि तो तिला. मजकूर ऐकल्यावरही तो असाच बघेल?

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, “पट्टी झाली, तरी याल ना?”

“ऐकून घ्या, मग विचारा.” तिनं चिठ्ठी काउंटरवर सपाट केली आणि मोठ्यानं वाचली. “लिथियम चालू. बायपोलर.”

त्यानं पेन्सिलीनं अक्षरं मोजली. “मावतंय की! ...मग, याल ना?”

तिला एकदम सपाटून भूक लागली. कित्येक दिवसांनी.

संध्याकाळी तो तिला घरापर्यंत सोडायला आला. दार आईनं उघडलं. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे. पदराशी चाळा करत म्हणाली, “आत या. पण त्याआधी... नंतर कळलं असं नको व्हायला. माझ्या मुलीला बायपोलर आहे. लिथियम घेते ती. रोज.”

लेक बघतच राहिली. आई! आईच्या तोंडून!

“माहीत आहे, काकू,” तो चपला काढत म्हणाला. “मीच कोरलंय.”