एकशे एक की सत्त्याऐंशी?

माझी आतेबहीण भौमी मंगळावर जन्मली, तिथेच वाढली आणि अकराव्या वर्षी पहिल्यांदा पृथ्वीवर, आमच्या पाचगणीच्या घरी आली. येऊन आठ दिवस झाले तरी तिने एकदाही खिडकी उघडली नव्हती. मी उघडली की ती आधी मनगटावरच्या पट्टीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि गुपचूप दुसऱ्या खोलीत निघून जायची.

ती पट्टी म्हणजे दाबमापक (हवा किती जोराने दाबते हे सांगणारं यंत्र). मंगळावरची माणसं भेटली की एकमेकांना "जेवलात का?" असं विचारत नाहीत. "दाब किती?" असं विचारतात. तिथे बाहेर हवा जवळजवळ नाहीच, आणि वस्तीतली हवा यंत्रांनी भरून ठेवलेली. खिडकी उघडली तर ती सगळी हवा बाहेर पळेल. मग दाब विचारायला कुणी उरणार नाही आणि सांगायलाही नाही.

त्यामुळे मला तिचं हसू यायचं नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी आलं होतं.

भौमीची आई, म्हणजे माझी केतकी आत्या, रत्नागिरीत वाढली. आमचे आजोबा, नाना, तिथे तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवत. निवृत्त झाल्यावर ते पाचगणीला आले. आत्याने मंगळावरून निरोप धाडला होता, "नाना, भौमीला आपल्या लाल गाडीतून रत्नागिरीच्या समुद्रावर न्या. काचा खाली करून न्या. समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास येतो, तो तिला येऊ दे."

हल्लीच्या विजेच्या गाड्यांच्या काचा उघडतच नाहीत. नानांची लाल गाडी मात्र पन्नास वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, आणि दारावरची दांडी गोल फिरवून काच खाली करायची. पण नेमकी तीच गाडी काळा धूर सोडायला लागली होती. रविवारी सकाळी अकराला धूरतपासणी होती. त्या वेळी धूर काळा निघाला तर परवाना रद्द आणि गाडी भंगारात. शनिवार उजाडला तरी कोडं सुटलं नव्हतं. प्लग नवे, हवा गाळणारी जाळी साफ, इंजिनाचा आवाज खणखणीत, मग धूर काळा का?

"काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी," नाना बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाले. "एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा ग्रॅम हवा लागते."

"आणि किती पेट्रोल सोडायचं ते कोण ठरवतं?" मी विचारलं.

"गाडीतला छोटा संगणक. पण त्याला बिचाऱ्याला हवा दिसत नाही. त्याला ही डबी सांगते." नानांनी आगपेटीएवढ्या काळ्या डबीवर बोट ठेवलं. ती मॅनिफोल्डवर (इंजिनाकडे हवा वाटून नेणाऱ्या नळीवर) एका स्क्रूने बसवलेली होती. "हा दाबाचा सेन्सर. हिच्या पोटात केसापेक्षा पातळ पडदा आहे. हवेने तो दाबला की किंचित वाकतो, तेवढी वीज बदलते, आणि संगणकाला दाब कळतो. दाबावरून किती हवा आली ते कळतं."

"आणि तिने चुकीचं सांगितलं तर?"

"समज, मी स्वयंपाकघरात आहे आणि किती माणसं आली ते तू दारातून मला सांगतेस. आली चार आणि तू सांगितलीस पाच. मग?"

"एकाचं जेवण उरेल."

"इंजिनात पेट्रोल उरतं. ते अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते."

मला वाटलं, सुटलं कोडं. पण नानांनी निदानयंत्र (गाडीचे आजार वाचून दाखवणारं यंत्र) जोडलं, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली, आणि पडद्यावर आकडा आला : एकशे एक किलोपास्कल (हवेचा दाब मोजायचं माप).

"सेन्सर चोख आहे," नाना म्हणाले. "इंजिन बंद असताना एकशे एकच दिसायला हवा. माझ्या पुस्तकात तेच आहे, आणि तीस वर्षं मी रोज तेच बघितलंय." त्यांनी बोनेट लावलं. "इंजिनच म्हातारं झालं असेल बहुतेक. केतकीला काय सांगू?"

नाना कधी हार मानत नाहीत. त्यामुळे मला रडूच यायला लागलं.

एवढ्यात भौमी बाहेर आली. पृथ्वीचं ओढणं तिला जड जातं, म्हणून तिच्या पायांना धातूचे हलके आधार आहेत. त्यांचा टकटक आवाज करत ती गाडीपाशी आली, तिने पडद्याकडे बघितलं, मग मनगटाकडे.

"नाना, दाब किती?"

मला वाटलं, ही नेहमीसारखी विचारपूस करतेय. नाना म्हणाले, "एकशे एक."

"माझा सत्त्याऐंशी आहे."

"तुझी पट्टी मंगळावरची आहे ना, इथे गडबडत असेल," मी म्हटलं.

"इरा, आमच्याकडे पट्टी गडबडली तर माणसं मरतात," ती शांतपणे म्हणाली. "ही रोज तीनदा तपासतात. मी इथे आल्यापासून ती सत्त्याऐंशीच दाखवतेय. आणि इंजिन बंद असताना नळीतली हवा आणि बाहेरची हवा एकच असणार ना? मग आकडे दोन कसे?"

नानांनी पडद्याकडे बघितलं, तिच्या मनगटाकडे बघितलं. मग बोनेटवर एक थाप मारून ते असे हसायला लागले की शेजारचे डोकावले.

"अरे, मी पाचगणीत उभा आहे! आणि बघतोय रत्नागिरीचा आकडा."

मला काही कळेना. तेव्हा नानांनी मला लग्नाच्या हॉलमधली गाद्यांची चळत आठवायला सांगितली. सगळ्यात खालच्या गादीवर सगळ्यांचं वजन. वरच्या गादीवर कमी. हवेचंही तसंच असतं. रत्नागिरी समुद्रापाशी, म्हणजे चळतीच्या तळाशी, म्हणून तिथे एकशे एक. पाचगणी तेराशे मीटर उंच, म्हणजे बऱ्याच गाद्या आपल्या खाली राहिल्या. म्हणून इथे सत्त्याऐंशी. खालून आलेली वेफर्सची पाकिटं आमच्या वाण्याकडे टम्म फुगलेली असतात ती याचमुळे. बाहेरून दाबणारी हवा कमी पडते. मी ती पाकिटं जन्मभर बघत आलेय, पण का फुगतात हे कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे सेन्सर चौदाने जास्त सांगतोय," भौमी म्हणाली.

"आणि इंजिन चालू झाल्यावरही तो तसाच वाढवून सांगत राहतो. संगणक भोळा, तो जास्तीचं पेट्रोल सोडतो. पुस्तक चुकलं नव्हतं, पोरींनो. ते समुद्रकाठी बसून लिहिलेलं, आणि मी डोंगरावर उभा राहून ते वाचत होतो."

नानांनी वर्गात दाखवायला ठेवलेला एक जुना सेन्सर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढला. किल्ली बंद केली. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण तार सोडवली, म्हणजे काम करताना ठिणगी नको. खटका दाबून डबीवरची तारांची टोपी मी काढली. तार ओढायची नाही, टोपी धरायची, हे नानांनी मला तीनदा बजावलं. स्क्रू भौमीने फिरवला. डबी जरा हलवून वर ओढली तशी ती सुटली. जागा कोरड्या फडक्याने पुसली.

नाना दुसरी डबी बसवायला निघाले, तेवढ्यात भौमीने त्यांचा हात धरला. "आधी विचारा तिला."

तिचं बरोबर होतं. डबी तशीच हातात धरून टोपी लावली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. पडद्यावर आकडा आला : सत्त्याऐंशी. भौमीने मनगट शेजारी धरलं, तिथेही सत्त्याऐंशी.

पुन्हा सगळं सोडवून नानांनी रबरी कड्याला तेलाचं बोट लावलं, डबी जागेवर दाबली आणि स्क्रू बेताने आवळला. मग टोपी लावली, बॅटरी जोडली आणि गाडी सुरू केली. मी धूर निघतो तिथे पांढरा रुमाल धरला. सुरुवातीला जुनी काजळी उडाली. नंतर रुमालावर डाग पडेना. मला इतका आनंद झाला की मी तोच काजळीचा रुमाल नानांच्या तोंडावर फिरवला.

रविवारी तपासणीच्या बाईंनी दोनदा मोजलं आणि हसून परवान्यावर शिक्का मारला. लगेच आम्ही निघालो. काचा अर्थातच बंद होत्या. भौमीला कुणी काही म्हटलं नाही.

महाबळेश्वरला तिची पट्टी शहाऐंशीवर गेली. आंबेनळी घाटाच्या मध्यावर ब्याण्णव. पोलादपूरला शंभर. प्रत्येक ठिकाणी नाना गाडी थांबवायचे, इंजिन बंद करून नुसती किल्ली फिरवायचे, आणि निदानयंत्रावर तोच आकडा यायचा. पण भौमी दुसऱ्याच विचारात होती.

"नाना, काचा बंद आहेत. मग आतला दाब का बदलतोय?"

"ही काही तुमची वस्ती नाही. दारांच्या फटींतून हवा येते-जाते. आत जेवढा दाब, तेवढाच बाहेर."

तिने दाराच्या फटीपाशी बोट धरून बघितलं. रत्नागिरी गावाची पाटी गेली तेव्हा पट्टीवर एकशे एक आकडा होता.

"दाब वेगळा असला तरच हवा पळते," ती हळूच म्हणाली. "आत एकशे एक, बाहेर एकशे एक. मग ती पळून जाणार कुठे?"

तिने दांडी धरली. एक वेढा, दोन वेढे, काच बोटभर खाली आली आणि वारा तिच्या केसांत शिरला. तिने डोळे घट्ट मिटले, पण दांडी फिरवायची थांबली नाही. काच पुरती खाली गेली. मग तिने नाक वर केलं.

"हा कसला वास आहे?"

"समुद्राचा," नाना म्हणाले.

रत्नागिरीतल्या भाट्याच्या किनाऱ्यावर तिने आत्याला निरोप पाठवला. निरोप मंगळावर जायला बारा मिनिटं, उत्तर यायला बारा. तोवर ती वाळूत आपल्या वस्तीचं चित्र काढत होती. "आमच्या मोठ्या घुमटाखाली सगळीकडे एकच दाब असतो. तरी आतल्या घरांच्या खिडक्या बंदच असतात, नुसत्या सवयीने. मी परत गेले की त्यांना दांड्या बसवणार," ती म्हणाली. तिने पहिल्या खिडकीची दांडीही काढून दाखवली.

तेवढ्यात आत्याचं उत्तर आलं. मंगळावरचे सगळे निरोप सुरू होतात तसंच. "भौमी, दाब किती?"

भौमीने मनगटाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. पाण्यात जाताना तिने पट्टी काढून चपलेत ठेवली होती, आणि चपला पार तिकडे, गाडीपाशी होत्या.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "बघायचं राहूनच गेलं."