पत्ता नसलेलं जनुक

फोन

"मॅडम, तुमचं जनुक कुठंच राहत नाही."

प्रयोगशाळेतली सहायक सिद्धी फोनवर हसत म्हणाली खरी, पण कल्याणी हसली नाही. मार्च १९९६. घोडेगावजवळच्या एका छोट्या संशोधन केंद्रात डॉ. कल्याणी चार वर्षं एका प्रथिनाच्या मागे होती. उंदराच्या मादीच्या गर्भाशयात तयार होणारं. त्याचं जनुक तिने अक्षर न् अक्षर वाचलं होतं: आठ कामाचे तुकडे, मध्ये सात बिनकामाचे. आता फक्त पत्ता हवा होता. कोणतं गुणसूत्र, शेजारी कोण?

रीत साधी. दोन जातींच्या संकरातून छत्तीस उंदीर वाढवायचे. आधी शेपटीच्या टोकावरून गुणसूत्रांवरच्या ओळखीच्या खुणा तपासायच्या, मग काढलेल्या अवयवांतून आपलं जनुक. शेजारी असतील ते पिल्लांत बरोबरीनं उतरतात.

दुसऱ्या गुणसूत्रावरच्या खुणेशी छत्तीसपैकी एकवीस जुळले. बाकीच्या खुणांशी त्याहून कमी.

"एकवीस म्हणजे नाणं उडवल्यासारखंच," सिद्धी म्हणाली.

"म्हणजे नमुन्यांची अदलाबदल झालीय," कल्याणी म्हणाली. "भागुजीनं केलीय."

टिपण

"प्राणीगृहाचे परिचर भागुजी यांच्या हलगर्जीपणामुळे चार वर्षांचे काम धोक्यात आले आहे. सोमवारपासून त्यांना कामावरून कमी करावे."

खाली कल्याणीची सही.

भागुजी, म्हणजे तात्या, तिच्याच वस्तीतला. कामाला तिनेच लावलेला. म्हणूनच तर टिपण इतकं कडक लिहिलं. आपल्या माणसाला पाठीशी घालते असं कुणी म्हणायला नको.

संचालकांनी कागद ठेवून घेतला. "आधी चौकशी करा," ते म्हणाले. "तुम्हीच."

जबाब

प्राणीगृहात भुश्श्याचा वास होता. भागुजी उभाच राहिला. सिद्धी लिहून घेत होती.

"तात्या, शेपटीचे नमुने कुणी घेतले?" कल्याणीने विचारलं.

"म्याच."

"नंबर कसा वाचला?"

"कानावरच्या खाचा बघून. डाव्या कानाला दशक, उजव्याला एकक. एकापास्नं सहापत्तूर. अकरा ते सहासष्ट, छत्तीस जनावरं."

"हातात धरून?"

"शेपटीला धरून, पाठ माझ्याकडं. बेल्ह्याच्या बाजारात वीस वर्सं बैलं धरली, ताई. डावं-उजवं जनावराचं असतंय, आपलं न्हाई."

"चूक होऊ शकते."

"व्हती की. म्या एकदा बोललो व्हतो. तुमी म्हणला, पिंजरे बघा."

काय बोलला होता, हे कल्याणीने विचारलं नाही.

सिद्धीने पेन थांबवलं. तिचे वडील रमणलाल मंचरला कापडाच्या दुकानात बसायचे; दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघांचं ऐकायची तिला घरचीच सवय. "मॅडम, रागावू नका. तुमचाही जबाब घेऊ?"

"घे."

"अवयव कुणी काढले?"

"मी. मेलेला उंदीर फळीवर उताणा टाचून."

"कान कधी वाचलेत?"

"टाचल्यावर."

"तेव्हा तात्या होते?"

"दारात होते."

सिद्धीने सगळं जसंच्या तसं लिहिलं. भागुजी पिंजऱ्यांतलं पाणी बदलायला गेला.

तक्ता

जुळलेले: ११, २२, ३३, ४४, ५५, ६६ आणि इतर पंधरा.

न जुळलेले: १२, २१, ३५, ५३, ४६, ६४... सगळे मिळून पंधरा.

"जुळे आकडे सगळे बरोबर," सिद्धी म्हणाली. "सहाच्या सहा. नाणं इतकं शहाणं असतं होय?"

कल्याणी उठली. फळी घेतली. कागदाचा उंदीर कापला, डाव्या कानाला एक खाच, उजव्याला दोन. पालथा ठेवला: बारा. उताणा केला: एकवीस.

तिने फळी बाजूला सारली. मग खुर्चीत बसली आणि चेहरा ओंजळीत घेतला.

खुलासा

शनिवारी संचालकांसमोर तिघं: कल्याणी, सिद्धी आणि भागुजी.

"भागुजींनी उंदीर पाठीकडून पाहिला," कल्याणी म्हणाली. "त्याचा डावा कान त्यांच्या डावीकडे. मी उताणा पाहिला. त्याचा डावा कान माझ्या उजवीकडे आला, आणि मी माझंच डावं-उजवं धरलं. बाराचा एकवीस झाला, पस्तिसाचा त्रेपन्न. अकरा उलटा केला तरी अकराच, म्हणून जुळे आकडे बरोबर आले. काल रात्री माझ्या यादीतले आकडे फिरवून पाहिले. छत्तीसपैकी पस्तीस जुळले. जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, त्या खुणेच्या अगदी शेजारी. गुन्हेगार मी आहे."

"आणि तात्या काय बोलले होते?" सिद्धीने विचारलं.

कल्याणीला आता आठवायची गरज नव्हती. "उताणं जनावर उलटं दिसतं, म्हणाले होते. मी ऐकलं नाही. पांढऱ्या कोटातल्या लोकांसमोर ते मला शिकवतायत, याचीच मला लाज वाटली."

संचालकांनी टिपण पुढे सरकवलं. "फाडून टाका. तांत्रिक चूक म्हणू. नावं कशाला?"

सोपं होतं. कल्याणीने कागद घेतला, त्याच्याच खाली लिहिलं: 'वरील आरोप खोटा आहे. चूक माझी आहे.' आणि पूर्ण नावानिशी सही केली.

"तात्या, मला माफ करा."

भागुजीने कागदाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"कागद हितला हितं ऱ्हाईल. वस्तीत समद्यांना कळलंय, भागुजीनं कल्याणीचं वाटुळं केलं म्हणून. माझी बायकू जानका चार दिस नळावर जात न्हाई."

"मी काय करू?"

"उद्या रविवार. बुद्धवंदना झाल्यावर इहारात समदी बसत्यात. तितं सांगा."

"माझ्या आईसमोर?"

"आईनंच तर पयलं विचारलं मला, का रं असं केलंस म्हणून."

कल्याणीने खाली पाहिलं.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.